स्ट्रिप की सेन्सर? प्रश्न रात्रीचा आहे

घरात इन्सुलिनवरचं वयस्कर माणूस असेल, तर दिवसा बोट टोचून स्ट्रिपवर साखर मोजणारा ग्लुकोमीटर काय आणि दंडाला चिकटवलेला, सतत साखर मोजणारा सेन्सर काय, दोन्ही चालतात. खरी अडचण सगळे झोपल्यावर सुरू होते. आईची शुगर मी दोन वर्षं स्ट्रिपवर सांभाळली, आणि गेलं वर्षभर तिच्या दंडावर सेन्सर आहे. त्यामुळे जे लिहितोय ते एका घरापुरतं आहे. तुमचे डॉक्टर वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐका.

आधी स्ट्रिपची बाजू, कारण तिच्यावर उगाच अन्याय होतो. मीटर रक्तातली साखर मोजतो. सेन्सर कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि ती रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असते. साखर स्थिर असेल तर हे जाणवतही नाही. पण लो झाल्यावर, म्हणजे साखर ७० च्या खाली गेल्यावर, जाणवतं. १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. मी नवा नवा सेन्सर बघत थांबलो होतो. आकडा ६० च्या आसपासच अडकलेला, म्हणून घाबरून आणखी ग्लुकोज पाजलं, मग आणखी. रक्तातली साखर केव्हाच वर आली होती. सकाळी २६० निघाली. तेव्हापासून लो सावरला की नाही, हे मी बोट टोचूनच बघतो. अर्थात हात धुऊन, पुसून कोरडा करून. बोटाला ग्लुकोज पावडर चिकटलेली असेल तर मीटर तीही मोजतो आणि भलताच आकडा दाखवतो.

मग सेन्सर कशाला? सांगतो.

आई रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेते. साखर ७० च्या खाली गेली की छातीत धडधडायला हवं, हात थरथरायला हवेत. गोळीमुळे या खुणा दबतात. घाम तेवढा येतो, पण गाढ झोपेत घामाची दखल कोण घेणार? एका वाईट रात्रीनंतर डॉक्टरांनी काही दिवस पहाटे तीनला तपासायला सांगितलं. त्या काही दिवसांचे आमच्या घरी कित्येक महिने झाले, कारण थांबवायचा धीर मला होईना.

तीन वाजता दिवा लावायचा नाही म्हणून मोबाइलचा उजेड, तोही दातांत धरून. पांघरुणाखाली हात चाचपायचा, टोचायचं, थेंब येईना म्हणून बोट दाबायचं. एवढ्यात आई जागी. "किती आली?" "एकशे बेचाळीस." "मग उठवलंस कशाला?" याला उत्तर नसे. ती पुन्हा झोपत नसे, मीही नाही. पुढे पुढे आई मुठी घट्ट आवळून झोपायला लागली. जाणूनबुजून नव्हे, झोपेतच. त्या मुठीतून एकेक बोट सोडवताना ठरवलं, हे आता पुरे.

आणि एवढं करून हाती काय लागत होतं? एक आकडा. ११८ चढतेय की उतरतेय, हे स्ट्रिप सांगत नाही. सेन्सर बाण दाखवतो. पहिल्याच आठवड्यात आलेखावर दिसलं की आईची साखर दीडच्या सुमाराला घसरते आणि तीनपर्यंत आपोआप वर येते. म्हणजे मी इतके महिने चुकीच्या वेळी तिची झोप मोडत होतो. आलेख बघून डॉक्टरांनी संध्याकाळचा डोस कमी केला. वयस्कर रुग्णांसाठी ७० च्या खालचा वेळ एक टक्क्याहून कमी असावा म्हणतात, म्हणजे दिवसाकाठी जेमतेम पंधरा मिनिटं. चार वेळा बोट टोचून ती पंधरा मिनिटं कशी सापडणार?

सेन्सर काही साधा-सरळ नाही. लावल्यावर पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर मी विसंबत नाही. आई त्याच कुशीवर झोपली की दंड दबतो आणि साखर पडलेली नसतानाही पडल्यासारखी दिसते. एकदा दोन वाजता अलार्म झाला, ५२. धावत जाऊन बोट टोचलं तर १२१. आता ती ज्या कुशीवर झोपत नाही त्या दंडावर लावतो, तरी महिन्यातून एखादी रात्र फसवतेच. चिकटपट्टीखाली खाज येते, म्हणून दर वेळी जागा थोडी सरकवतो. खर्चही स्ट्रिपपेक्षा बराच जास्त आहे. घेताना एक मात्र नक्की विचारा: साखर पडली की तो स्वतःहून वाजतो का? काही सेन्सर फोन जवळ नेल्याशिवाय काहीच सांगत नाहीत. आमच्यासारख्या घरात रात्री ते काय कामाचे?

इन्सुलिनशिवाय नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर असलेल्या, साखर सहसा खाली न जाणाऱ्या माणसासाठी मी हा खटाटोप सुचवणार नाही. तिथे स्ट्रिप पुष्कळ झाली. पण इन्सुलिन आहे, लो कळत नाही आणि रात्री उठणारं माणूस घरात एकच आहे, असं असेल तर माझा कल कुठे आहे ते एव्हाना कळलंच असेल.

मीटर अजून आईच्या उशाशी आहे. स्ट्रिपांची डबी उघडली की झाकणावर तारीख लिहितो, कारण हल्ली स्ट्रिपा संपायच्या आधी त्यांची मुदत संपते.