‘कार्मिला’ वाचली: लॉराला कुणीच का सांगत नाही?

शिरपूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने घेते. त्यामुळे रक्तपिपासूंच्या गोष्टींपासून मी लांबच असायचे. तरी शेरिडन ले फॅन्यू या डब्लिनच्या लेखकाची ‘कार्मिला’ हातात घेतली आणि सोडवेना. १८७१-७२ मध्ये मासिकातून क्रमशः आलेली ही छोटी कादंबरी, ‘ड्रॅक्युला’च्या २५ वर्षं आधीची. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट आहे, इंग्रजी जुनं असलं तरी जड नाही.

ऑस्ट्रियातल्या स्टिरियात, जंगलाकाठच्या एकाकी वाड्यात १९ वर्षांची लॉरा वडिलांसोबत राहते. वाड्यासमोर बग्गी उलटते आणि आतली देखणी मुलगी तीन महिन्यांसाठी पाहुणी म्हणून राहते. तीच कार्मिला. ती बळजबरीनं घुसत नाही, तिला ठेवून घ्या असं लॉराच वडिलांना विनवते. दारी आलेल्याला जेवू घातल्याशिवाय न सोडणाऱ्या आपल्या खान्देशी माणसाला ही सुरुवात फार लागते. कार्मिला दुपार चढेपर्यंत उठत नाही, एक कप चॉकलेट पिते, लॉराला जवळ ओढून गोड बोलते. लॉराला ती हवीही असते आणि तिची शिसारीही येते. हे दोन्ही एकाच वेळी वाटणं लेखकानं इतकं खरं उतरवलंय की अंगावर काटा आला.

पण मला धरून ठेवलं ते लॉराच्या आजारपणानं. सकाळी उठल्यापासून थकवा, चेहरा पांढराफटक, डोळ्यांखाली काळं. आणि ती कबूलच करत नाही! वडिलांना सांगायचं नाही, डॉक्टर नको. आमच्याकडे आई मुलीला घेऊन येते आणि म्हणते, ‘काहीच नही ताई, नुसती थकस.’ सुई टोचतानाच रक्ताचा फिका रंग दिसतो, हिमोग्लोबिन ६ निघतं. मुलगी मान खाली घालून, ‘मला काही होत नाही.’ लॉराचं ते प्रकरण वाचताना अशा कितीतरी मुली डोळ्यांसमोर आल्या.

पुढे डॉक्टर येतोच. दोन सुया टोचल्यासारखं वाटलं होतं ना, असं तो विचारतो. गळ्याखाली करंगळीच्या टोकाएवढा निळसर डाग सापडतो. मग डॉक्टर बाजूला जाऊन जे सांगायचं ते वडिलांना सांगतो. लॉरा विचारते, मला काय झालंय? वडील चिडतात, प्रश्न विचारू नकोस म्हणतात. मी इथे मोबाइल खाली ठेवला. रिपोर्ट जिचा आहे तिच्या हातात न पडता बापाच्या नाहीतर सासऱ्याच्या खिशात जातो, हे मी रोज बघते आणि मला त्याचा संताप येतो. लॉराला एकटं सोडू नका एवढी ताकीद मिळते, पण कुणापासून जपायचं हे तिला कळतच नाही. या कादंबरीतली खरी भीती मला इथे वाटली.

आणखी एक. आधी मरतात त्या गरिबाघरच्या. डुकरं राखणाऱ्याची बायको जाते, जंगल राखणाऱ्याची मुलगी जाते. तिची प्रेतयात्रा जाताना कार्मिला कान झाकते, म्हणते, असल्या खेडुतांचा मी विचार करत नाही. लॉराचे वडील त्याला रोगाची साथ म्हणून मोकळे होतात. वडिलांचा मित्र जनरल स्पील्सडॉर्फ, त्यानं लेकीसारखी वाढवलेली बर्था गेली, तेव्हा कुठे शोध सुरू होतो. आमच्याकडेही सातपुड्याच्या पाड्यांवरून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं तपासायला येतात, कितीतरी उशिरा येतात. ती पानं मी पुन्हा वाचली.

गोष्टीतलं कार्नस्टाइनचं उजाड गाव, पडकं चॅपल आणि थडगी वाचताना मला थाळनेर दिसत राहिलं: तापीकाठचा ढासळलेला किल्ला, फारुकी सुलतानांच्या कबरी. त्या घराण्याच्या संस्थापकाला, मलिक राजाला, १३९९ मध्ये तिथेच पुरलं. थाळनेरात आजही माणसं राहतात, कार्नस्टाइनात कुणी उरलं नाही.

उणिवा आहेत. जनरलची लांबलचक कहाणी आपल्याला आधीच कळलेलं पुन्हा सांगते. शेवटाकडे एक म्हातारा बॅरन येऊन सगळा उलगडा करून जातो, तो फार सोयीचा वाटला. आणि कार्मिलाला सोडून घाईनं निघून गेलेली ती काळ्या मखमलीतली बाई कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही. ते मात्र मला आवडलं.

नर्सिंगच्या, डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या) मुलींनी ही नक्की वाचावी. जनरलच्या गोष्टीत कंटाळलात तर दोन पानं सोडा, नववं प्रकरण, डॉक्टरचं, सोडू नका.