पावसाळी गटारासाठी गाळणी निवडताना: जाळी, भोवरा, कार्ट्रिज की वाफा?

छतावरून, रस्त्यावरून आणि वाहनतळावरून वाहत येणारे पावसाचे पाणी नाल्यात सोडण्यापूर्वी गाळायचे असे एकदा ठरले की विक्रेत्यांची माहितीपत्रके समोर येतात, आणि त्यांतील बहुतेकांत ‘८० टक्के गाळ रोखतो’ असा दावा असतो. तो खोटाच असतो असे नाही. मात्र कोणत्या आकाराच्या कणांपैकी ८० टक्के, आणि सेकंदाला किती लिटर पाणी येत असताना, हे सांगितलेले नसेल तर त्या आकड्यावरून दोन उपकरणांची तुलना करता येत नाही. म्हणून उपकरणांकडे वळण्याआधी आपल्या पाण्यात नेमके काय आहे, हे पाहणे भाग आहे.

कणांचा आकार येथे निर्णायक ठरतो. शांत पाण्यात १०० मायक्रॉनचा, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा, वाळूचा कण सेकंदाला साधारण ८ ते ९ मिलिमीटर खाली जातो, म्हणजे एक मीटर खोली तो सुमारे दोन मिनिटांत ओलांडतो. व्यास दहापट कमी झाला की बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो, त्यामुळे १० मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे तीन तास लागतात. जोराच्या सरीत कोणत्याही भूमिगत टाकीत पाणी तीन तास थांबत नाही. त्यातच जस्त, तांबे, शिसे यांसारखे धातू वजनाच्या मानाने बारीक कणांवर अधिक चिकटतात, कारण अशा कणांचा एकूण पृष्ठभाग मोठा असतो. आणि धातूंचा व पोषकद्रव्यांचा काही भाग पाण्यात विरघळूनच येतो. तेव्हा प्लास्टिक, पाने व डबे; खाली बसणारी वाळू व जाड गाळ; आणि बारीक व विरघळलेले प्रदूषक, असे हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींवर चालणारे एकच उपकरण नाही.

पहिल्या प्रश्नाला सर्वांत सोपे उत्तर म्हणजे रस्त्याकडेच्या गटारतोंडात बसवायची टोपली किंवा कापडी पिशवी. तिच्यासाठी खोदकाम लागत नाही, असलेल्या चेंबरमध्येच ती टांगता येते आणि तिने काय पकडले हे डोळ्यांना दिसते. तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. पानगळीच्या दिवसांत ती एका सरीत भरू शकते, आणि भरल्यानंतर पाणी वरच्या सांडव्यातून न गाळता निघून जाते. सांडवाच ठेवलेला नसेल तर ते रस्त्यावर तुंबते. सांडवा नसलेली पिशवी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही टोपल्यांत तेल शोषणाऱ्या उशा ठेवलेल्या असतात. त्या पृष्ठभागावरचे तेल पकडतात, पण पूर्ण भिजल्यावर बदलाव्याच लागतात.

गटारतोंडे शेकडो असतील आणि ती सगळी एकाच मुखातून बाहेर पडत असतील, तर शेकडो टोपल्या रिकाम्या करण्यापेक्षा मुखावर एक मोठी जाळी बांधणे सोयीचे ठरते. पकडलेला कचरा एका ठिकाणी मिळतो, मात्र भरलेली ओली जाळी उचलायला क्रेन लागते आणि क्रेनला तेथवर रस्ता लागतो. जाळीची छिद्रे किती बारीक असावीत यासाठी कॅलिफोर्नियाचा निकष उपयोगी आहे: तेथे कचऱ्याला संपूर्ण अटकाव करणारे उपकरण म्हणजे ५ मिलिमीटरच्या जाळीवर अडकणारे सर्व काही पकडणारे, आणि तेही सरासरी वर्षातून एकदा येणाऱ्या एका तासाच्या पावसाच्या कमाल प्रवाहात. छिद्राचे माप आणि प्रवाह या दोन्ही गोष्टी एकत्र सांगणे ही या व्याख्येची खुबी आहे, आणि विक्रेत्याकडून आपणही नेमके हेच मागावे.

वाळू आणि जाड गाळासाठी मुख्यतः दोन पर्याय येतात. एक म्हणजे बाहेर जाणाऱ्या नळाच्या पातळीखाली खोल गाळकुंडी ठेवलेला आणि नळाच्या तोंडाशी टोपी बसवलेला साधा चेंबर. टोपीमुळे तरंगता कचरा आणि तेलाचा तवंग मागे राहतो, तर वाळू कुंडीत बसते. कुंडी निम्मी भरली की ती उपसली पाहिजे, कारण त्यानंतर मोठी सर आली तर साठलेला गाळ ढवळून पुन्हा बाहेर पडतो. दुसरा पर्याय भोवरा विभाजकाचा. पाणी गोल टाकीत कडेने शिरते, फिरते, आणि फिरताना जड कण मध्यभागी तळाकडे जातात. हे उपकरण जमिनीखाली थोड्या जागेत मावते आणि पातळीतला फारसा उतार खात नाही, त्यामुळे दाट वस्तीत त्याला मागणी असते. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात पुढे आलेल्या प्रकारात भोवऱ्याभोवती पत्र्याची जाळीही असते. पाणी तिच्या पृष्ठभागाला समांतर वाहत राहिल्याने जाळी बुजत नाही, आणि त्यामुळे तो कचरा व वाळू दोन्ही पकडतो.

तरीही भोवरा म्हणजे अखेर कण खाली बसवण्याचीच युक्ती आहे. जाड वाळू तो चांगली पकडतो, बारीक मातीचा बराचसा भाग त्यातून निसटतो, आणि विरघळलेल्या जस्तावर त्याचा काही परिणाम होत नाही. शिवाय या टाक्यांत दोन पावसांच्या मधल्या काळात पाणी साचून राहते. पाने कुजतात, प्राणवायू संपतो, पोषकद्रव्ये पाण्यात सुटतात आणि पुढच्या सरीबरोबर बाहेर येतात. झाकण घट्ट नसेल तर डासही वाढतात. अडवलेला कचरा पाण्यातच भिजत राहणार की कोरडा राहणार, हा प्रश्न खरेदीच्या वेळी क्वचितच विचारला जातो, पण तो पहिल्या काही प्रश्नांत असायला हवा.

इंधन भरण्याच्या किंवा वाहने धुण्याच्या जागी तेल विभाजक लागतो. साधा गुरुत्व विभाजक १५० मायक्रॉन आणि त्याहून मोठ्या थेंबांसाठी आखलेला असतो; तिरक्या पट्ट्यांचा विभाजक सुमारे ६० मायक्रॉनपर्यंत जातो. साबणाने पाण्यात मिसळून गेलेले तेल मात्र दोन्हींतून निघून जाते.

बारीक गाळ आणि धातू हे खरे दुखणे असेल, तर गाळण माध्यमाला पर्याय नाही. कार्ट्रिज प्रकारात बंद चेंबरमध्ये अनेक नळकांडी उभी असतात आणि पाणी त्यांतील माध्यमातून आत झिरपते: गाळासाठी परलाइट (फुगवलेला ज्वालामुखी खडक), विरघळलेल्या धातूंसाठी झिओलाइट (सच्छिद्र खनिज), सेंद्रिय रसायनांसाठी सक्रिय कोळसा. अशा उपकरणांची प्रत्यक्ष पावसात चाचणी घेणाऱ्या व्यवस्थांमध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याची पद्धत कडक आहे. येणाऱ्या पाण्यात लिटरमागे १०० ते २०० मिलिग्रॅम निलंबित (न विरघळता पाण्यात तरंगत राहिलेले) कण असताना त्यांतील ८० टक्के काढणे ही तेथील मूलभूत अट आहे. धातूंसाठीच्या वरच्या पातळीवर विरघळलेल्या जस्ताचे ६० टक्के आणि तांब्याचे ३० टक्के काढावे लागते. या आकड्यांकडे पाहिले की विरघळलेला धातू काढणे किती अवघड आहे हे कळते. कार्ट्रिजना आत आणि बाहेर साधारण अर्धा ते एक मीटर पातळीचा फरक लागतो, आणि सपाट जागेत तोच मिळत नाही. त्या बुजतातही. जवळ बांधकाम चालू असेल आणि उघडी माती वाहून येत असेल, तर त्या पार निकामी होतात, म्हणून काम पूर्ण होऊन जमीन झाकली जाईपर्यंत त्या बसवू नयेत.

वाळूची गाळणी हा याच कामाचा जुना आणि साधा मार्ग. सुमारे ४५ सेंटिमीटर वाळूचा थर, खाली छिद्रांचा नळ, आणि पाणी वाळूवर येण्याआधी गाळ बसवण्याची एक टाकी. वरची साय बुजली की काही सेंटिमीटर वाळू खरवडून नवी टाकायची. सुटे भाग एकाच उत्पादकाकडून घ्यावे लागत नाहीत, हा मोठा फायदा आहे. विरघळलेल्या प्रदूषकांवर तिचे काम मात्र बेताचेच.

उघडी जागा असेल तर माझा कौल जैवगाळण वाफ्याला आहे. ही कल्पना अमेरिकेतील मेरिलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रुजली. पाणी गोळा होणाऱ्या क्षेत्राच्या साधारण ५ टक्के जागेत वाळू, माती आणि थोडे सेंद्रिय द्रव्य यांचा ६० ते ९० सेंटिमीटरचा थर, वर झाडे, खाली निचरा. बारीक कण, धातू, तेल यांवर तो चांगले काम करतो आणि पाणी दोन-तीन दिवसांत उतरत असल्याने डास वाढत नाहीत. टायरमधून सुटणाऱ्या ६पीपीडी-क्विनोन या रसायनामुळे कोहो जातीचे सामन मासे मरतात, हे २०२० मध्ये सिद्ध झाले; रस्त्यावरचे पाणी अशा मातीच्या थरातून झिरपवल्यानंतर मात्र ते मासे त्यात जगतात, असे प्रयोगांत दिसले आहे. कोणत्याही विभाजकाकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही. सावधगिरी एका बाबतीत हवी: मिश्रणात कंपोस्ट जास्त घातले तर वाफ्यातूनच फॉस्फरस आणि नायट्रेट बाहेर पडतात, आणि तळे जवळ असेल तर त्यात शेवाळ माजते.

कोणताही पर्याय घेतला तरी आकारमान काढावेच लागते. एक हेक्टर फरसबंद जागेवर तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचा ९० टक्के भाग वाहून आला, तर सेकंदाला सुमारे ६२ लिटर पाणी येते. एवढ्या प्रवाहासाठी आखलेल्या उपकरणातून १०० मिलिमीटरच्या पावसाचे पाणी रेटले तर आधी पकडलेलाही गाळ धुऊन जाईल. म्हणून उपकरण मुख्य नळावर न बसवता बाजूला बसवावे, ठरलेला प्रवाह तेवढाच त्यात वळवावा आणि जादा पाणी बाहेरूनच पुढे जाऊ द्यावे.

दाट वस्तीत, जस्ताच्या पत्र्यांची छपरे असलेल्या ठिकाणी, आधी भोवरा विभाजक आणि मागे कार्ट्रिज ही जोडी पटते. केवळ प्लास्टिकचा त्रास असेल तर तेवढ्यासाठी कार्ट्रिजवर खर्च करणे व्यर्थ आहे, टोपल्या किंवा मुखावरची जाळी पुरे. आणि साफसफाईसाठी माणसाला आत उतरावे लागेल असे उपकरण, त्याची गाळण्याची क्षमता कितीही असो, घेऊच नये. कुजत्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, बंद चेंबरमध्ये प्राणवायू कमी असतो, आणि पहिल्याच श्वासात माणूस कोसळू शकतो. झाकण इतके रुंद असावे की सक्शन गाडीचा पाइप वरून तळापर्यंत पोहोचेल, आणि गाडी झाकणाजवळ उभी राहू शकेल. पहिल्या वर्षी प्रत्येक मोठ्या पावसानंतर झाकण उघडून गाळाची खोली काठीने मोजून वहीत लिहावी. उत्पादकाने सुचवलेल्या वेळापत्रकापेक्षा त्या नोंदींवरून ठरवलेले वेळापत्रक आपल्या जागेला अधिक लागू पडते.