फ्लाइटरडार24 ॲप: मूल परदेशात पायलट ट्रेनिंगला असलेल्या आईबाबांसाठी रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी चार. आणि हा रिव्ह्यू मुंबई-दुबई फ्लाइट कुठवर पोचली हे बघणाऱ्यांसाठी नाहीये, त्या कामाला ॲप छानच आहे, सगळ्यांना माहितीय. मी लिहितेय ते ज्यांचा मुलगा किंवा मुलगी कमर्शियल पायलट व्हायला अमेरिकेत गेलीय आणि इकडे सांगली-नाशिक-लातूरला बसून ज्यांना दिवसाकाठी "आज फ्लाइंग झालं, झोपते" एवढाच एक मेसेज येतो, त्यांच्यासाठी. लाखो रुपये भरलेले असतात, पोरगी तिकडे नेमकं काय करतेय ते कळत नाही, आणि विचारावं तर तिला सांगायला वेळ नसतो. हे ॲप नीट वाचायला शिकलात तर त्यातलं खूप काही कळतं, पण वाचायला शिकावं लागतं, नाहीतर नुसती भीती वाढते.

माझी लेक ॲरिझोनात मेसाला आहे, विमानतळ फाल्कन फील्ड, फिनिक्सच्या पूर्वेला. हा भाग ट्रेनिंगसाठी फार जुना आहे, दुसऱ्या महायुद्धात 1941 पासून ब्रिटिश रॉयल एअर फोर्सचे कॅडेट इथेच शिकायला यायचे कारण आकाश वर्षभर मोकळं. एक सोय अशी की ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे आपल्यात आणि त्यांच्यात बारा महिने साडेबारा तासांचाच फरक. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशी पार करतो, गरम हवा विरळ होते आणि छोटं विमान जीव काढत वर चढतं, म्हणून पोरं पहाटेच उडतात. त्यांचे सकाळचे सहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. म्हणजे भाजी फोडणीला टाकता टाकता तुम्ही लाईव्ह बघू शकता.

आता विमान दिसतं कसं. विमानातलं एडीएस-बी नावाचं यंत्र आपली जागा, उंची, वेग सतत 1090 मेगाहर्ट्झवर पाठवत असतं आणि लोकांनी घरांवर लावलेले रिसिव्हर ते पकडून ॲपला देतात. अमेरिकेत 1 जानेवारी 2020 पासून बऱ्याचशा हवाई हद्दीत हे सक्तीचं आहे आणि फिनिक्सच्या मोठ्या विमानतळाभोवतीच्या 30 नॉटिकल मैलांत (साधारण 55 किलोमीटर) तर आहेच, फाल्कन फील्ड त्याच्या आत येतं. म्हणून तिथलं साधं सेसना 172 हे छोटं ट्रेनिंग विमानसुद्धा स्पष्ट दिसतं. बारामती, गोंदियाच्या ट्रेनिंग विमानांच्या बाबतीत मात्र विमानात ते यंत्र आणि जवळपास रिसिव्हर दोन्ही असेल तरच दिसणार, त्यामुळे तिथल्या पालकांनी आधी फुकटात बघून घ्या आणि मगच पैशाचं ठरवा.

ॲपला कोण उडवतंय हे माहीत नसतं, फक्त विमान माहीत असतं. एकच विमान दिवसभरात चार-पाच पोरं वापरतात. त्यामुळे लेकीकडून त्या दिवसाचा विमानाचा नंबर (अमेरिकेत एन ने सुरू होतो) आणि वेळ घ्या, सर्चमध्ये टाका, झालं. तिला विचारूनच घ्या हं, न सांगता पाळत ठेवू नका, पोरांना ते आवडत नाही आणि बरोबरच आहे त्यांचं.

सुरुवातीच्या महिन्यात तुम्हाला दिसेल की विमान कुठे जातच नाहीये, रनवेच्या बाजूने लांबट चौकोनात फिरतंय आणि फिरतंय. हेच सर्किट. उडायचं, वळायचं, रनवेला समांतर उलट दिशेने यायचं म्हणजे डाउनविंड, परत वळलं की बेस, परत वळलं की फायनल, आणि उतरायचं. फाल्कन फील्डला दोन समांतर रनवे आहेत, एकाची सर्किट उत्तरेच्या बाजूला आणि दुसऱ्याची दक्षिणेच्या बाजूला, त्यामुळे गर्दीच्या वेळी मॅपवर दोन बाजूंना दोन माळा फिरताना दिसतात, बघत राहावंसं वाटतं खरंच. एकेका सर्किटला पाच-सहा मिनिटं लागतात. तासाभरात आठ-दहा वेळा उतरायचं, चढायचं. मला वाटतं आपल्या घरातल्यांना हे कळणं फार गरजेचंय कारण "नुसत्या घिरट्याच घालते का, पैसे वाया" असं बोलणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात, आणि लँडिंग हाताला बसतं ते याच घिरट्यांमधून, दुसरा रस्ता नाही.

उंची वाचताना लक्षात ठेवा की ॲप जमिनीपासूनची उंची दाखवत नाही. फाल्कन फील्ड मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे 1400 फुटांवर आहे आणि छोट्या विमानाचं सर्किट जमिनीपासून हजार फुटांवर असतं, म्हणजे ॲपवर 2400 च्या आसपास आकडा दिसणार. शिवाय ॲपमधली उंची 1013.25 हेक्टोपास्कल हा ठरलेला दाब धरून येते, त्या दिवशीचा खरा हवेचा दाब वेगळा असला की शंभरेक फुटांचा फरक पडतोच. तुमच्या पोरीने उंची चुकवली असं समजू नका, तिच्यासमोरच्या मीटरवर बरोबर आकडा असतो.

वेगाचंही तसंच, पण हे मला सगळ्यात आवडतं. ॲप जमिनीच्या तुलनेतला वेग दाखवतं. समजा विमान डाउनविंडला हवेतून 90 नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) जातंय आणि ॲप 100 दाखवतंय, नंतर फायनलला ते 65 ने येतंय आणि ॲप 55 दाखवतंय, म्हणजे रनवेवर 10 नॉटचा वारा समोरून आहे हे तुम्ही सांगलीत बसून सांगू शकता! मग पुढे बघा, फायनलवर वेग 40 च्या घरात येऊन परत वाढला आणि विमान वर गेलं तर टच अँड गो. वेग अगदी कमी होऊन विमान बाजूच्या टॅक्सीवेवर, म्हणजे पार्किंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वळलं तर फुल स्टॉप. रनवेजवळ येऊन शेवटच्या शे-दोनशे फुटांवरून वेग न घटवता वर गेलं तर गो-अराउंड, म्हणजे लँडिंग जमत नाहीये असं दिसल्यावर परत वर जायचा निर्णय. हा निर्णय चांगला आहे, यासाठी पोरीला शाबासकी द्यायची असते, काय चुकलं ग म्हणून विचारायचं नसतं. आणि पहिला सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकटीने उडणं, बऱ्याचदा असा दिसतो की विमान इन्स्ट्रक्टरबरोबर थोडी सर्किट करून पार्किंगकडे येतं, थांबतं, आणि मग एकटीची तीन सर्किट, तीन लँडिंग. ते रेकॉर्डिंग जपून ठेवा.

लँडिंग मऊ झालं का आपटलं हे मात्र ॲपवरून कळत नाही. उंचीचा आकडा 25-25 फुटांच्या पायऱ्यांनी बदलतो आणि खरं लँडिंग शेवटच्या दहा-वीस फुटांत असतं. व्हर्टिकल स्पीडचा आकडा बघून "आज जोरात उतरलीस" असं बोलणारे पालक मी बघितलेत, कृपया नका करू.

विमानतळापासून लांब प्रॅक्टिस एरियात गेल्यावर जे दिसतं त्याने पहिल्यांदा बघणारा घाबरणारच. एका जागी गरागरा घट्ट गोल म्हणजे स्टीप टर्न. वेग एकदम पडला आणि उंची दोनेकशे फूट खाली आली म्हणजे स्टॉलचा, म्हणजे पंखांचा उचलण्याचा जोर संपला तर विमान कसं सावरायचं याचा, सराव. शेतांवर पाच-सहाशे फुटांपर्यंत खाली येऊन परत वर गेलं म्हणजे इंजिन बंद पडलं तर कुठे उतरायचं याचा सराव. हे सगळं मुद्दाम, इन्स्ट्रक्टरच्या सांगण्यावरून, भरपूर उंची ठेवून सुरू केलेलं असतं. पैसे भरलेल्या प्लॅनमध्ये स्क्वॉक कोड, म्हणजे विमान रडारला पाठवतं तो चार आकडी नंबर, दिसतो, साधं उडताना अमेरिकेत बहुतेक वेळा 1200 असतो. खरी इमर्जन्सी 7700 असते, बाकी आकडे बघून अर्थ लावत बसू नका.

एक तारा कापला तो सिग्नलमुळे, आणि यात ॲपचा दोष कमी, पृथ्वी गोल असण्याचा जास्त. हा सिग्नल सरळ रेषेत जातो. तीस हजार फुटांवरचं विमान साडेतीनशे किलोमीटरवरून दिसेल, पण दोनशे फुटांवरचं विमान सपाट जागेतसुद्धा तीसेक किलोमीटरच्या पुढच्या रिसिव्हरला दिसत नाही, मध्ये डोंगर असला तर त्याहून कमी. मेसाच्या आसपास रिसिव्हर भरपूर आहेत, पण क्रॉस कंट्रीला, म्हणजे दुसऱ्या गावच्या विमानतळापर्यंतच्या लांबच्या फ्लाइटला, एखाद्या लांबच्या छोट्या विमानतळावर उतरताना रेघ अचानक तुटते, किंवा ॲप काही वेळ विमान अंदाजाने सरळ पुढे सरकवत राहतं आणि मग पुसून टाकतं. रात्री एकटीने हे बघणाऱ्या आईच्या छातीत धस्स होतं हो. ॲपने तिथे मोठ्या अक्षरात लिहायला हवं की सिग्नल गेलाय, विमान नाही. तोवर तुम्ही घरातल्या सगळ्यांना, आजीला सुद्धा, हे आधीच समजावून ठेवा.

क्रॉस कंट्रीवरून आठवलं, आपल्या डीजीसीएच्या (भारतातलं विमान वाहतुकीचं सरकारी खातं) कमर्शियल लायसन्ससाठी किमान 200 तास लागतात आणि त्यात एक 300 नॉटिकल मैलांची, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वरची, दोन वेगळ्या विमानतळांवर फुल स्टॉप उतरायची फ्लाइट असते. ती मॅपवर मोठ्या त्रिकोणासारखी दिसते आणि ती बघताना जो अभिमान वाटतो तो मी शब्दात नाही सांगू शकत. पण हिशोब लॉगबुकचाच चालतो, ॲपचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून कामाचे नाहीत.

बरेच जण विचारतात की मोठी विमानंही अशी सर्किट करतात का. करतात. एअरलाइनमध्ये गेल्यावर बहुतेक ट्रेनिंग सिम्युलेटरमध्ये होतं, पण युरोपात नव्या पायलटला रिकाम्या बोइंग नाहीतर एअरबसमध्ये साधारण 6 लँडिंग करावी लागतात, शांत विमानतळांवर ॲप उघडलंत तर कधीतरी सापडेल, छोट्या विमानांपेक्षा बरंच मोठं सर्किट आणि दीड हजार फुटांवरून. इंजिन बंद पडल्याचा सराव मात्र आता मोठ्या विमानात नाही, सिम्युलेटरमध्ये करतात. 8 मार्च 1994 ला दिल्लीत सहारा इंडियाचं बोइंग 737 अशाच ट्रेनिंग सर्किटमध्ये चुकीच्या बाजूचं रडर (शेपटीवरचं सुकाणू, पायाने चालवतात) दाबलं गेल्याने उभ्या असलेल्या एरोफ्लॉटच्या विमानावर पडलं होतं, 9 जण गेले. पोरं सिम्युलेटरमध्ये तासन्‌तास का घालवतात ते यावरून समजा, त्या फीवरून कुरकुर नको.

प्लॅनचं सांगते. फुकटात मागच्या 7 दिवसांची हिस्टरी मिळते, जाहिराती येतात. सिल्व्हरला 90 दिवस, गोल्डला 365. लाईव्ह बघण्यापुरतं फुकटचं पुरे. आपल्याकडे बहुतेकांना फ्लाइट झाल्यावर निवांत प्लेबॅक बघायचा असतो आणि सोलोसारखे दिवस नंतर परत काढून बघायचे असतात, त्यासाठी सिल्व्हर घ्या. गोल्डची गरज मला वाटत नाही. एखादं विमान मालकाने लपवायला सांगितलेलं असेल तर इथे दिसणार नाही, तेव्हा एडीएस-बी एक्सचेंज या साइटवर बघा, ते फुकट आहे आणि काही लपवत नाही पण दिसायला किचकट आहे. आणि लाईव्हएटीसी या साइटवर अमेरिकेतल्या बऱ्याच विमानतळांच्या कंट्रोल टॉवरचं पायलटशी चाललेलं बोलणं ऐकता येतं, त्यात एका सकाळी लेकीचा आवाज ओळखू आला, टॉवरला एकदम ठाम उत्तर देत होती. दोन्ही एकत्र लावून बघा, मात्र आवाज काही सेकंद मागे-पुढे असतो.

नोटिफिकेशन बंद ठेवा. आणि विमान उतरल्या उतरल्या फोन करू नका, त्यानंतर इन्स्ट्रक्टरबरोबर डीब्रीफिंग, म्हणजे फ्लाइट कशी झाली यावर चर्चा, असतं, त्याला अर्धा तास तरी द्या.