क्रमागत संख्यांचे उदाहरण: क्ष लहान संख्येला मानावा की मधल्या?

तीन क्रमागत पूर्णांकांची बेरीज ९६ आहे, तर संख्या काढा. बहुतेक वह्यांत पहिली ओळ ठरलेली असते: लहान संख्या क्ष मानू. मग क्ष + (क्ष + १) + (क्ष + २) = ९६, म्हणजे ३क्ष + ३ = ९६ आणि क्ष = ३१. मधली संख्या क्ष मानली, तर (क्ष − १) + क्ष + (क्ष + १) मधले −१ आणि +१ उडतात, ३क्ष = ९६ उरते, क्ष = ३२. उत्तर दोन्हीकडे ३१, ३२, ३३. वाचली एकच पायरी, आणि बदल्यात एक धोका आला: ३२ दिसले की सवयीने ३२, ३३, ३४ लिहिले जाते. ताळा करा, बेरीज ९९ भरेल.

एवढ्यासाठी पद्धत बदलायची गरज नाही. वर्ग आले की मात्र बदलाच. तीन क्रमागत पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज ३६५ आहे. लहान संख्या क्ष घेतली तर ३क्ष² + ६क्ष + ५ = ३६५, त्यातून क्ष² + २क्ष − १२० = ०, मग अवयव (क्ष + १२)(क्ष − १०). मधली घेतली तर ३क्ष² + २ = ३६५, क्ष² = १२१, क्ष = ±११. अवयव पाडायचेच नाहीत! गुणाकारातही तेच. दोन क्रमागत सम संख्यांचा गुणाकार २८८ असेल, तर त्यांच्या मधोमधची विषम संख्या म घ्या: (म − १)(म + १) = म² − १ = २८८, म = ±१७. संख्या १६ आणि १८, किंवा −१८ आणि −१६.

मधल्या संख्येची पद्धत फसते ती अट टोकांबद्दल असते तेव्हा. तीन क्रमागत संख्यांत पहिलीची तिप्पट तिसरीच्या दुपटीपेक्षा ७ ने जास्त आहे: ३क्ष = २(क्ष + २) + ७, लगेच क्ष = ११. मधली धरली तर ३(क्ष − १) = २(क्ष + १) + ७ लिहावे लागते, आणि ३(क्ष − १) चे ३क्ष − १ करणारे हात कमी नाहीत. चार क्रमागत संख्या असतील तरी लहानच बरी, कारण मध्य अपूर्णांकात जातो: बेरीज ७४ असेल तर तो १८.५.

विषम संख्यांसाठी क्ष, क्ष + १, क्ष + ३ लिहिणे ही जुनी चूक. फरक २ चाच असतो, सम असो वा विषम: क्ष, क्ष + २, क्ष + ४. काही जण २न + १ पासून सुरुवात करतात. त्यात शेवटी न ची किंमत परत घालावी लागते, आणि घाईत न च उत्तर म्हणून जातो. पण 'तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज ६०' असे चुकीचे उदाहरण आले, तर ६न + ९ = ६० मधून न = ८.५ येतो आणि अशा संख्या नाहीत हे तिथेच कळते. क्ष घेतला तर १८ येतो, आणि १८ सम आहे हे स्वतःच पाहावे लागते.

पद्धत कोणतीही घ्या, ऋण उत्तर खोडण्याआधी प्रश्न पुन्हा वाचा. वरच्या वर्गांच्या उदाहरणात 'नैसर्गिक' म्हटले असेल तर −११ सोडा. 'पूर्णांक' म्हटले असेल तर −१२, −११, −१० हेही उत्तर लिहावे लागते.