पायांचा रक्तपुरवठा कमी असलेल्या रुग्णाची चाल मोजताना: ट्रेडमिल, सहा मिनिटांची चाल की प्रश्नावली?

पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसाची पोटरी चालताना भरून येते, थांबल्यावर काही मिनिटांत दुखणे ओसरते आणि साधारण तेवढेच अंतर चालल्यावर ते पुन्हा सुरू होते. अशा रुग्णाला चालण्याचा व्यायाम सुरू करून द्यायचा असो किंवा शस्त्रक्रियेचा विचार करायचा असो, आज तो किती चालतो हे आधी मोजून ठेवावे लागते. लहान रुग्णालयात किंवा फिजिओथेरपी विभागात ही मोजणी कोणत्या पद्धतीने करावी हे ज्यांना ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

एक गोष्ट आधीच वेगळी काढलेली बरी. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून जो आकडा येतो, म्हणजे एबीआय, तो आजार ओळखण्यासाठी आहे. हा आकडा ०.९० किंवा त्याहून कमी असेल तर धमनी अरुंद झाली आहे असे मानतात. मात्र जुना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या धमन्या कडक झाल्यामुळे तो फसवा वाढतो आणि १.४० च्या वर गेल्यास पायाच्या अंगठ्यातील दाब पाहावा लागतो. पण एबीआय सारखाच असलेल्या दोघांपैकी एक जण बाजार करून येतो आणि दुसऱ्याला गल्लीच्या टोकापर्यंतही जाववत नाही, कारण चाल ही धमनीइतकीच स्नायू, सांधे, नसा, हृदय आणि मनातली भीती यांवरही अवलंबून असते.

ट्रेडमिलचा मोठा गुण म्हणजे शिस्त. प्रचलित चढत्या पद्धतीत पट्टा ताशी ३.२ किलोमीटर वेगाने सपाट सुरू होतो आणि दर २ मिनिटांनी चढ २ टक्क्यांनी वाढतो. दुखणे कुठे सुरू झाले आणि कुठे थांबावेच लागले, असे दोन आकडे नोंदवले जातात. सुरुवातीपासून एकच चढ ठेवणारी जुनी पद्धतही आहे, परंतु तिच्यात अशक्त रुग्ण लगेच थांबतो, सौम्य आजाराचा रुग्ण थांबतच नाही आणि पुन्हा मोजल्यावर आकड्यांत फरकही अधिक पडतो. त्यामुळे ट्रेडमिल वापरायचाच असेल तर चढती पद्धत घ्यावी. कठडा धरून चालल्यास अंतर खोटे वाढते, ही बाब नोंदवहीत हटकून सुटते. त्याहून गंभीर अडचण अशी की, सरत्या पट्ट्यावर आयुष्यात कधी उभे न राहिलेल्या सत्तरीच्या बाईंचा तोल आणि धास्तीच तिथे अधिक मोजली जाते, आणि दुसऱ्या खेपेला वाढलेले अंतर रक्तपुरवठ्यामुळे वाढले की सवयीमुळे, हे सांगता येत नाही. ज्याने ट्रेडमिलवरच व्यायाम केला आहे त्याची परीक्षाही त्याच यंत्रावर घेतल्यास सुधारणा प्रत्यक्षाहून मोठी दिसते.

सहा मिनिटांच्या चाचणीला ३० मीटरचा सरळ, सपाट, वर्दळ नसलेला व्हरांडा, दोन खुणा, एक खुर्ची आणि घड्याळ पुरते. रुग्ण आपल्या गतीने शक्य तितके अंतर कापतो, दुखल्यास थांबतो, पुन्हा निघतो. घड्याळ मात्र थांबवायचे नाही. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ साली दिलेल्या पद्धतीत दर मिनिटाला रुग्णाला काय सांगायचे ते शब्दही ठरलेले आहेत, आणि ते काटेकोर पाळावेत, कारण एका कर्मचाऱ्याने उत्साहाने ओरडून चालवले आणि दुसरा गप्प राहिला तर दोन अंतरांची तुलनाच होत नाही. व्हरांडा आखूड असेल तर वळणे वाढून अंतर घटते, म्हणून दर वेळी जागा तीच हवी. ट्रेडमिल की व्हरांडा यावर २०१४ साली ‘सर्क्युलेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांनी दोन्ही बाजूंनी लेख लिहिले होते. माझा कौल व्हरांड्याला आहे: रुग्णाला घरी, रस्त्यावर, देवळापर्यंत जसे चालायचे असते त्याच्या ही चाचणी सर्वांत जवळ जाते.

तिचा दोष असा की चाल कशामुळे अडली हे ती सांगत नाही. गुडघा, दमा किंवा कमरेच्या मणक्यात दबलेली नस, कशानेही अंतर कमी येऊ शकते. मणक्याचे दुखणे बहुधा बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर निवते, नुसते उभे राहून नाही. अशी शंका असेल तिथे ट्रेडमिलला पर्याय नाही: चालवल्यानंतर लगेच एबीआय मोजावा आणि तो विश्रांतीतील आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून अधिक घसरला तर दोष धमनीचा समजावा.

प्रश्नावली स्वस्त आहे, पण एकटी पुरेशी नाही. चालण्यातील अडचणींची प्रचलित प्रश्नावली अंतर, वेग आणि जिने यांना ० ते १०० गुण देते. तिच्यातील अंतरे फुटांत आणि अमेरिकी शहरांच्या ‘ब्लॉक’मध्ये असल्याने ती इथल्या रुग्णाला जशीच्या तशी विचारण्यात अर्थ नाही. शिवाय दुखते म्हणून ज्याने चालणेच सोडले आहे तो प्रामाणिकपणे सांगतो, ‘मला काही त्रास नाही.’ म्हणून ती व्हरांड्यातील चाचणीच्या जोडीला घ्यावी. जिन्याची अडचण त्या चाचणीत कळत नाही, ती इथे कळते.

बसल्या जागी किंवा रात्री पाय दुखत असेल, बोट काळे पडले असेल किंवा पायावरची जखम भरत नसेल, तर यांतली कोणतीही चाल-चाचणी करू नये. रुग्णाला विनाविलंब रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाकडे पाठवावे. गेल्या महिनाभरात हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा छातीचे दुखणे अस्थिर असलेल्या रुग्णाचीही चाचणी पुढे ढकलावी.