गुपचूप घरी करायचे, तर पुरी कोणती?

वीस जणांसाठी घरी गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, करायचे ठरले की तिखट पाणी कसं करायचं यावर तासभर खल होतो. पुऱ्या मात्र ऐनवेळी कोणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून उचलून आणतो, आणि फजिती तिथेच होते.

ठेल्यावर विचारतात ना, सुजीवाली की आटेवाली? सुजीची पुरी फिकट आणि कडक. गरम वाटाणा भरायचा असेल तर हीच घ्या, लवकर मऊ पडत नाही. दहीपुरीलाही हीच. आट्याची तांबूस, पातळ, गव्हाच्या खरपूस चवीची. आत थंड आलू आणि वरून सांबार-पुदिन्याचं पाणी असेल तर मला तीच आवडते. (पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी: आमच्याकडे नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर.) पण ती थांबत नाही. भरली की तोंडात गेली पाहिजे; प्लेटमध्ये सहा मांडून फोटो काढत बसलात की खालून गळालीच.

तिसरा पर्याय कच्च्या, तळायच्या पुऱ्यांचा. पापडासारख्या महिनोन्‌महिने टिकतात, तळल्या की टम्म फुगतात. तेल चांगलं तापलेलं हवं, नाहीतर चपट्या राहतात आणि तेल पितात. माणशी दहा-बारा धरल्या तरी दोनशेच्या वर पुऱ्या होतात. तितका वेळ गॅसपाशी कोण उभं राहणार, ते आधी ठरवा.

रवा भिजवून, लाटून सगळं घरीच? रव्यात थोडा मैदा घाला, गोळा अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवा, पातळ लाटा. मी दोनदा केलं. दुसऱ्यांदा निम्म्या फुगल्याच नाहीत, त्यांची शेवपुरी झाली. पुन्हा करणार नाही.

महिनाही बघा. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी की तयार पुऱ्या आदल्या दिवशी आणल्या तरी चालतं. जुलैत पाकीट फोडून ठेवलं की संध्याकाळपर्यंत पुऱ्या सादळतात. म्हणून पावसाळ्यात मी कच्च्याच आणते आणि त्याच दिवशी तळते. तयार घ्यायच्याच असतील तर पाकिटाच्या तळाशी चुरा किती जमलाय ते बघून घ्या. सादळल्याच, तर कोरड्या कढईत मंद आचेवर हलवून घ्या आणि गार झाल्यावरच फोडा. गरम असताना त्या मऊच लागतात.