आयएनआर तपासणीसाठी दापोलीतील एक भरवशाची लॅब

आईच्या पायातील खोल शिरेत गुठळी झाली आणि पुढे बारा आठवड्यांहून अधिक अंतराने दोनदा केलेल्या रक्ततपासणीत अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचे निदान झाले, तेव्हापासून तिची आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे आकड्यात सांगणारी तपासणी, आम्ही दापोलीच्या बाजारपेठेतील एका लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये करून घेतो. या विकारात शरीराने स्वतःच तयार केलेल्या प्रतिपिंडांमुळे रक्त नको तेथे गोठू लागते. रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांना वारंवार तपासणी लागत नाही हे खरे. परंतु या विकारात, विशेषतः त्यासाठी तपासली जाणारी तिन्ही प्रकारची प्रतिपिंडे आढळलेल्या रुग्णांत, त्या वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या जुन्या गोळीइतक्या भरवशाच्या ठरलेल्या नाहीत. म्हणून आईला वॉरफरिन चालू आहे आणि आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो. तो खाली गेला तर पुन्हा गुठळीचे भय, फार वर गेला तर रक्तस्रावाचे.

या तपासणीत यंत्राइतकाच नमुना घेणाऱ्याचा हात महत्त्वाचा असतो. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे सायट्रेटचे द्रावण असते. त्याच्या एका भागाला रक्ताचे नऊ भाग हे प्रमाण साधले नाही, म्हणजे नळी खुणेपर्यंत भरली नाही, तर आयएनआर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो आणि त्या आकड्यावरून गोळी विनाकारण कमी केली जाण्याचा धोका असतो. येथील ताई नळी खुणेपर्यंत भरल्याशिवाय सुई काढत नाहीत, आणि सुई काढल्यावर कापूस पुरेसा वेळ दाबून धरायला लावतात. नवे अँटिबायोटिक किंवा वेदनाशामक सुरू झाले आहे का, हेही त्या प्रत्येक वेळी विचारतात. पावसाळ्यात तर टाकळा, अळू, शेवग्याचा पाला यांची आवर्जून चौकशी होते, कारण हिरव्या पाल्यातील व्हिटॅमिन के वॉरफरिनचा परिणाम कमी करते. पालेभाजी सोडू नका, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असे करू नका, हा त्यांचा सल्ला आमच्या डॉक्टरांच्या सांगण्याशी तंतोतंत जुळतो.

नमुना येथेच तपासला जात असल्याने सकाळी दिलेल्या रक्ताचा अहवाल दुपारपर्यंत मिळतो. तो मुंबईच्या रक्तविकारतज्ज्ञांना पाठवला की गोळीतील बदल त्याच रात्रीपासून करता येतो. बदललेल्या मात्रेचा परिणाम आयएनआरमध्ये दिसायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे अहवालाची वाट पाहण्यात एक दिवसही जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट मात्र सुधारायला हवी. अहवालात आयएनआरची तुलना निरोगी माणसाच्या मर्यादेशी, म्हणजे साधारण १ शी, केलेली असते. त्यामुळे आईचा अगदी योग्य असलेला २.५ हा आकडाही ठळक अक्षरांत 'वाढलेला' म्हणून छापून येतो. घरातील वडीलधारी माणसे तो पाहून घाबरतात आणि गोळी परस्पर बंद करण्याची भीती राहते. वॉरफरिन घेणाऱ्यांसाठी डॉक्टरांनी ठरवलेली मर्यादा तेथेच छापावी, अशी विनंती मी लॅबकडे केली आहे.

लॅब रविवारी बंद असते. ज्यांची मात्रा नुकतीच बदलली आहे त्यांनी तपासणीचा दिवस ठरवताना हे लक्षात घ्यावे.